चौथ्या दिवसाचे सेकंद

पोलादपूर,
१२ ऑगस्ट १९९८

चि. श्रुतिकास आवडीआत्याचे आशीर्वाद.

तू पाठवलेल्या घड्याळाविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. खुशाली शेवटी येईल, जागा उरली तर.

सदर घड्याळ रोज पहाटे पाच वाजून सतरा मिनिटांनी ओरडतं. पाचला ओरडलं असतं तर मी त्याला देवभक्त समजले असते, साडेपाचला ओरडलं असतं तर कष्टाळू. पाच सतरा ही कुठल्याही सज्जन माणसाची वेळ नव्हे. त्याला चार बटणं आहेत. एक दाबलं की दिवा लागतो, दुसरं दाबलं की आकडे पळत सुटतात, तिसरं दाबलं की पाच सतराचं पाच अठरा होतं. चौथ्याला मी घाबरून हात लावलेला नाही. परवा ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, तर तांदळातून ओरडलं. शेजारच्या सयाजीभावोजींनी भिंतीपलीकडून विचारलं, "बाई, कोंबडा पाळलात काय?" मी हो म्हटलं. भाचीनं मुंबईहून पाठवलेलं यंत्र आहे, मुली एका पायावर किती वेळ उभ्या राहतात ते मोजण्यासाठी, असं सांगितलं असतं तर ते पुन्हा माझ्याशी बोललेच नसते.

तुझं काम मी करीन. रावजी माझा धाकटा भाऊ, त्याची तू एकुलती एक, आणि माझ्या हाताखाली तीन वर्षं राहून शिकलीस, तेव्हा नाही म्हणायची सोयच नाही. पण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला हाच विषय मिळाला का? जगात गुडघे आहेत, कंबरा आहेत, माझी एक कंबर तर मी फुकट देते. तुला मात्र मुलींच्या पाळीचा आणि तोलाचा काय संबंध ते बघायचंय. तालुक्यासमोर मुलींच्या मनोऱ्याच्या तिसऱ्या थरावरून धप्पकन खाली आलेली माझी भाची आता मुंबईत तोल शिकवणार. ऐकून बरं वाटलं.

बारा मुली निवडल्या आहेत, नववी-दहावीच्या. सहा बाजारपेठेतल्या, सहा वरच्या वाड्यांतल्या. वाडीतल्यांत भैरूची गौतमी आहे. दोन तास डोंगर उतरून शाळेत येते, डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी घेऊन पायाखाली न बघता चालते. तिला डोळे मिटून एका पायावर उभं केलं तर बगळा लाजेल. नमुना म्हणून घेतलं, अठ्ठेचाळीस सेकंद. मी स्वतःही करून बघितलं. माझा आकडा मी सांगणार नाही.

घड्याळ गप्प कसं करायचं ते उलट टपाली कळव.

तुझी आत्या

*

मुंबई,
२१ ऑगस्ट १९९८

ती. आवडीआत्यास सा. न.

वरची दोन्ही बटणं एकदम दाबून पाच आकडे मोज. गप्प होईल.

रोज एकच वेळ धर, प्रार्थनेआधीची. हात कमरेवर, डोळे मिटलेले, उजवा पाय वर. पाय टेकला की घड्याळ थांबव. पाळी सुरू असेल त्या दिवशी वहीत फक्त खूण कर. का, कशी, दुखतं का, काही विचारायचं नाही. विचारलंस तर मुली खोटं सांगतील आणि मग ते आकडे निरुपयोगी.

हाच विषय का, असं विचारलंस. पुस्तकांत एकवाक्यता नाही म्हणून. कुणी म्हणतं, महिन्यातल्या काही दिवसांत हॉर्मोनमुळे सांध्यांची बांधणी जराशी सैल होते, पायाला जमीन कळायला उशीर लागतो. कुणी म्हणतं, असं काही दिसत नाही, झोप आणि थकवा मोजा. आणि ज्यांच्यावर मोजलं त्या सगळ्या खेळाडू मुली, गुळगुळीत फरशीवर. डोंगर उतरणारीला कुणी विचारलेलंच नाही. आमचे सर विषय ऐकून टेबलाकडे बघत म्हणाले, "ठीक आहे, पण प्रेझेंटेशन जरा सभ्य ठेवा." त्यांना दोन मुली आहेत.

मनोऱ्याचं पुन्हा कधीतरी बोलू.

तुझी श्रुतिका

*

पोलादपूर,
८ ऑक्टोबर १९९८

चि. श्रुतिका,

घड्याळ गप्प झालं. आता मला पाच सतराला आपोआप जाग येते. हे नुकसान कोण भरून देणार?

वहीची पानं सोबत आहेत. खुणेचा रकाना बघ. त्याला काय मथळा द्यायचा यावर मी दोन दिवस घालवले. मुलींनीच तोड काढली, ज्या दिवशी असेल त्या दिवशी तिथे इवलासा कावळा काढायचा. बाजारपेठेतल्या एकीचा कावळा इतका सुरेख असतो की तिला चित्रकलेच्या परीक्षेला बसवणार आहे. रकान्याला मी नाव दिलं 'हवामान'. मुख्याध्यापकांनी वही उघडली, बघितली आणि भर शिक्षकसभेत म्हणाले की पी.टी.च्या बाई विद्यार्थिनींकडून पर्जन्यमानाच्या नोंदी ठेवून घेतात, हा उपक्रम मुलांसाठीही सुरू करावा. मी म्हटलं, सर, मुलांना जमणार नाही. त्यांना वाटलं मी मुलांच्या शिस्तीबद्दल बोलतेय. त्यांनी मान डोलावली.

आता कामाचं. बाजारपेठेतल्या मुलींचे आकडे कावळ्याच्या आधी दोन-तीन दिवस किंचित घसरतात, पुन्हा वर येतात. कुणाकुणाचे तर घसरतही नाहीत. वाडीतल्या मुलींचं गणित मात्र मला सुटत नाही. मधले दोन-तीन दिवस त्या येतच नाहीत, रकाने रिकामे. येतात त्या दिवशी आकडा तळाला. गौतमीचं बघ. एरवी चाळीसच्या खाली नाही. सोमवार ७ सप्टेंबरला अकरा. सोमवार ५ ऑक्टोबरला नऊ. दोन्ही सोमवारी सकाळी ती पाणवठ्याच्या उतारावर हंड्यासकट पडली. दुसऱ्यांदा हंड्याला पोचा आला आणि हिच्या कोपराचं सालटं गेलं.

मला वाटतं ती सोमवारचा उपास धरते. या वयात चांगला नवरा मिळावा म्हणून पोरी काय काय करतात. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभी केली आणि म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं? हवेत?" ती कोपरावरच्या चिंधीकडे बघत उभी राहिली. उपास सोडायला सांगितलं, तर "बरं बाई" म्हणाली. गुणी आहे पोर.

मनोऱ्याचं बोलू म्हणालीस आणि बोलली नाहीस.

आत्या

*

मुंबई,
१६ ऑक्टोबर १९९८

ती. आत्यास,

ग्राफ काढला. सोमवार विसर. बाकीच्या पाचजणींचा तळ मंगळवारी आहे, गुरुवारी आहे, शनिवारी आहे. वार वेगळे, पण सहाही जणींचा तळ रिकाम्या रकान्यांच्या लगेच पुढे. म्हणजे चौथा दिवस. पुस्तकांत चौथ्या दिवसाबद्दल असं काहीच नाही, उलट तोवर शरीर सावरायला लागलेलं असतं. बाजारपेठेतल्या मुलींचं बघ, चौथ्या दिवशी त्या पूर्ववत आहेत.

मग वाडीत त्या तीन दिवसांत काय होतं? तू तिथे बावीस वर्षं शिकवतेस. मी विचारायचं आणि तू सांगायचं.

सरांनी ग्राफ बघून सांगितलं, रिकामे दिवस आणि त्यांच्या पुढचा एक दिवस काढून टाक, त्या बिघडलेल्या नोंदी आहेत. काढल्या की रेघ छान सरळ येते. मी अजून काढलेल्या नाहीत.

आणि आत्या, गौतमीला पुन्हा तसं बोलू नकोस. ते वाक्य मी ओळखते. जसंच्या तसं.

श्रुतिका

*

पोलादपूर,
५ नोव्हेंबर १९९८

चि. श्रुतिका,

तुझं पत्र आलं तेव्हा गौतमीची शाळा सुटलेलीच होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी भैरू माझ्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाला, "बाई, पोरीला फीट येते. दोनदा पडली. भगताला दावली. तो बोलला, पान्यावरची बाधा हाय, वाट उतरवू नको. आता शाला बास."

मी म्हटलं, "अरे, दहावीला चार महिने राहिले."

"लगनाची बोलनी करायची हाय बाई. फीटवाली पोर बोलून गावभर झाली तर कोन करील? घरात र्‍हायली तर दिसनार तरी नाय."

मी मुखदुर्बळ नाही हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मी त्याला तसंच जाऊ दिलं. फीट नाही असं कशाच्या जोरावर सांगणार होते? सोमवारच्या उपासाच्या?

मग तुझं पत्र आलं. तू विचारलंस, तीन दिवसांत काय होतं. मी मस्टर काढलं. एक नव्हे, सहा वर्षांची. वाडीतल्या मुलींच्या नावापुढे दर महिन्याला 'गै', 'गै', 'गै', माझ्याच अक्षरात, आणि शेऱ्यात 'घरकाम'. बाजूला बसवतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी ते फक्त गैरहजेरी म्हणून ठेवून दिलं होतं.

गौतमीचे आकडे बघून दिवस मोजले आणि रविवारी १ तारखेला वाडी चढले. पंचांग वापरायची मला सवय आहे, पण या कामाला पहिल्यांदाच वापरलं. चार ठिकाणी बसले. एका ठिकाणी गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जनगणना हाय काय?" मी हो म्हटलं.

गौतमी गोठ्याच्या पडवीत होती, शेळ्यांच्या अलीकडे. खाली गोणपाट, अंगावर गोणपाट, वेगळी थाळी, वेगळा तांब्या, आणि इतिहासाचं पुस्तक. मला बघून उठली आणि मागे सरकली. म्हणाली, "बाई, लांब बसा. तुमास्नी आंघोल करावी लागंल."

मी तिच्याशेजारी बसले. एका शेळीनं माझ्या पिशवीतली शेव खाल्ली.

तिची आजी धोंडूबाई दारातून बघत होती. मी विचारलं, "आजी, ही इथे जेवते काय?"

"सकालची भाकर देतो की."

"आणि रात्रीची?"

"रातच्याला ताट घेऊन कोन जानार गो तिकडं? शिवाशिव नको. तीन दिस तर असतात. नुसती बसून खाती."

"एक भाकर बसून खाते."

"आमी पन तेच खाल्लं."

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी चौथा दिवस उजाडला. श्रुतिका, तुझ्या पुस्तकात जे नाही ते मी लिहून देते. पहाटे गार पाण्यानं न्हाणं. मग ती गोणपाटं, ती घोंगडी, अंगावरचं सगळं घेऊन पाणवठ्यावर धुणं. भिजलेलं गोणपाट उचलून बघ एकदा. मग पाणी. तीन दिवस हिच्या वाटच्या खेपा काकीनं मारलेल्या, त्या चौथ्या दिवशी फेडायच्या. एरवी तीन खेपा, त्या दिवशी सहा. पोटात आदल्या सकाळची भाकर. आणि हे सगळं उरकून दोन तास डोंगर उतरून माझ्या शाळेत, एका पायावर उभं राहायला. मी वर हिला उपास सोडायला सांगितलं होतं.

पाचव्या खेपेला तिचा पाय लटपटला. मी मागेच होते, हंडा धरला. निम्मा माझ्या अंगावर आला. माझी आंघोळ झाली.

भैरू सगळं बघत होता. हे लोक काठीवर रेलून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून तासन्‌तास उभे राहतात ना, तसा. मी सरळ जाऊन त्याची काठी काढून घेतली आणि म्हटलं, "आता डोळे मीट." गंमत वाटून त्यानं मिटले. बावीस सेकंद उभा राहिला. वही दाखवली, "तुझी पोर अठ्ठेचाळीस उभी राहते. फीटवाली." त्यानं वही हातात घेतली. वाचता येत नाही, पण लांब रेघ आणि आखूड रेघ कळते. मी प्रत्येक चौथा दिवस बोटानं दाखवला. म्हटलं, "फीट पंचांग बघून येते काय रे?"

त्यानं वही माझ्या हातात परत दिली.

"शेळी व्याली की चौथ्या दिवशी कड्यावर चरायला सोडतोस?"

"नाय बा. आठ दिस दावनीला. आंबोन घालायचं, पाला घालायचा."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघायचा थांबला. शेळ्यांकडे बघायला लागला. मग धोंडूबाई दारातूनच म्हणाली, "मी पन पडलेली. त्याच उतारावर, पोटुशी होती तवा नाय, न्हालेली तवा. तवा कोन वही घेऊन आलं नाय." आणि आत गेली. थोड्या वेळानं गौतमीला गरम भाकर आणि दूध घेऊन आली. चौथा दिवस, त्यामुळे शिवायला हरकत नव्हती.

शेवटी भैरूनं निकाल दिला. "पुढल्या महिन्याला बगू. गोठ्यात नाय, ओटीवर बसल. दोन टाइम खाईल. खेपा काकी आन मी मारू. चौथ्या दिशी मी सोता खाली आनतो, तुमच्या त्या घड्यालात उभी करा. पडली तर शाला बंद, आन बाई, मंग तुमी पन माजी वाट चढू नका."

म्हणजे ३० नोव्हेंबर, सोमवार. तोवर ती शाळेत येणार. त्या दिवशी ती टेकली तर मी भैरूला काय सांगू ते मला माहीत नाही. तुझं ते हॉर्मोन त्याच दिवशी जागं झालं तर? शास्त्राची हमी कितपत असते ते कळव.

आणखी एक. ते वाक्य तू कुणाकडून ऐकलं होतंस? माझ्याकडून?

आत्या

*

मुंबई,
१६ नोव्हेंबर १९९८

ती. आत्यास,

शास्त्राची हमी काहीच नसते. बारा मुली आणि अडीच महिने, एवढ्यावर मी तुला 'असं होतं' म्हणू शकत नाही, फक्त 'इथे असं दिसलं' म्हणू शकते. त्या दिवशी तिला तीन संधी दे. ती लबाडी नव्हे, मोजायची पद्धतच तशी आहे. पहिल्या खेपेला माणूस लोकांकडे बघून लाजतो.

वाक्य तुझंच. १९९२, सव्वीस जानेवारी, महाड.

माझा दुसरा दिवस होता. तुझ्या घरी राहायला आले तेव्हा पहिल्या खेपेला तू माळ्यावरच्या ट्रंकेकडे बोट करून म्हणालीस, "त्यात आहे." जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. त्या तीन वर्षांत या विषयावर आपल्यात झालेलं ते एकच वाक्य. घड्या नाडीला कशा अडकवायच्या ते मी माझं मीच शोधलं, आणि बरोबर शोधलं नव्हतं.

आपला गणवेश पांढराशुभ्र. मी तिसऱ्या थरावर चढले, दोन्ही हात वर केले, आणि घडी सरकल्याचं कळलं. खाली अख्खा तालुका बसलेला. मी एक हात खाली आणला, एवढंच. आत्या, माझे सांधे सैल झाले नव्हते. माझा तोल त्या दिवशी हॉर्मोननं घालवला नाही, पांढऱ्या सलवारीनं घालवला.

मी खाली पडल्यावर तू धावत आलीस. मला वाटलं उचलायला आलीस. तू सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणालीस. मग यादीतून माझं नाव खोडलंस. चाळीसजणींना प्रमाणपत्रं मिळाली. मी पाठीमागे दप्तर बांधून एस.टी.त बसले.

संध्याकाळी तू माझ्या घोट्याला तेल लावलंस, बराच वेळ. तेही माझ्या लक्षात आहे, म्हणून तर मी तुझ्यावर कधी नीट रागावू शकले नाही. तू दर पत्रात माझ्या पडण्याचा विनोद करतेस तेव्हा मात्र तो घोटा अजून दुखतो.

विषय का घेतला ते आता कळलं असेल. मला सिद्ध करायचं होतं की चूक माझी नव्हती, शरीराची होती. तुझं वाडीचं पत्र वाचून वाटतंय, शरीराचीही फारशी नव्हती.

नोंदी मी काढून टाकणार नाही असं सरांना सांगितलं. टेबलाकडे बघत म्हणाले, "परिशिष्टात घाला." तेव्हा गौतमी सध्या परिशिष्टात आहे.

सोमवारी काय झालं ते लगेच कळव.

श्रुतिका

*

पोलादपूर,
४ डिसेंबर १९९८

चि. श्रुतिकास,

सोमवारी सकाळी सव्वादहाला बापलेक फाटकातून आले. भैरूनं नवीन फेटा बांधला होता. गौतमीच्या हातात डबा होता, आजीनं दिलेला. ओटीवर बसली, दोन्ही वेळ जेवली. आजीनं गोणपाटं मात्र तिच्याकडूनच धुऊन घेतली आणि दोन खेपाही मारायला लावल्या. म्हणाली म्हणे, "सगलंच सोडलं तर देव काय बोलंल." देवाच्या वाट्याला दोन खेपा राहिल्या, चालेल.

पटांगणात उभी केली. बाप समोर काठी टेकून, डोळे वटारून. पोरीला हसू आलं. सहा सेकंदांत पाय टेकला.

भैरू म्हणाला, "टेकला."

मी म्हटलं, "तीनदा बघतात. मुंबईहून लिहून आलंय." पत्रच काढून दाखवलं. त्यानं ते उलटं धरलं, मान डोलावली आणि आपणहून पाठ फिरवून उभा राहिला. बाकीच्या अकराजणी, न सांगता, तिच्याभोवती एका पायावर उभ्या राहिल्या. मी ओरडणार होते. नाही ओरडले.

चौतीस. मग एकोणतीस.

भैरू पाठ फिरवूनच म्हणाला, "कुटलं धरायचं?"

"मधलं," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"एकोणतीस."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "माज्यापेक्षा जास्ती हाय." आणि काठी उचलून निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "उद्या पन यील." गौतमी वर्गात पळाली. दहावीचा फॉर्म तिनं मंगळवारी भरला.

बाकीच्या पाचजणींच्या घरी अजून जायचं आहे. पाच वाड्या आणि माझे गुडघे दोन, तेव्हा वेळ लागेल. मस्टरात मी आता 'घरकाम' लिहीत नाही. शेऱ्याची जागा मोकळी ठेवते. आणि चौथ्या दिवशी येणारीला आधी माझ्या टेबलाशी बसवून खायला घालते, मग मोजते. म्हणजे तुझ्या नोंदी पुन्हा बिघडल्या. ते पुढचं परिशिष्ट.

सव्वीस जानेवारीच्या मनोऱ्यासाठी परवा महाडला जाऊन गडद निळं कापड घेऊन आले. मुख्याध्यापक म्हणाले, पांढरा रंग शांततेचा असतो. मी म्हटलं, सर, वर चढणारीला शांतता हवी असेल तर निळाच बरा. कारण विचारायला लागले, तेव्हा मी 'हवामान' म्हणाले. बहुधा या खेपेला त्यांना कळलं, कारण त्यांनी घाईनं सही केली. आणि नववी-दहावीच्या मुलींना जमवून घड्या कशा करायच्या, कुठे अडकवायच्या, ते दार लावून दाखवलं. अर्धा तास लागला. या अर्ध्या तासाला मला बावीस वर्षांची नोकरी लागली. मुली हसून हसून बेजार झाल्या, मीही हसले. घरी येऊन ती माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि सगळ्या घड्या उपसल्या.

तुझ्या पत्राचं उत्तर मी चारदा लिहिलं. तीन उत्तरांत विनोद होते. ती चुलीत घातली.

घोट्याला रात्री कोमट तेल लावत जा. बोटांनी खालून वर चोळायचं, जोर द्यायचा नाही. मी तसंच लावलं होतं.

सोबत पुठ्ठा घालून एक कागद पाठवत आहे. त्या वर्षी महाडहून प्रमाणपत्रं एक्केचाळीस आली होती. हा ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवला होता. नाव काल घातलं. शाई थोडी वेगळी दिसेल.

आत्या